कागद आपले, क्रम मुलांचा

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न: "पर्सेंटाइल किती? मग कुठे मिळेल?" उत्तर द्यायला हल्ली मुलांच्या आधी बाबाच पुढे होतात. लॉगिनचा पासवर्ड बाबांकडे, ओटीपी बाबांच्या मोबाइलवर, गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफही बाबांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर. ज्याला चार वर्षं त्या वर्गात बसायचं आहे, तो मात्र आतल्या खोलीत. मुलांना मदत जरूर करावी, पण ती कुठवर, हे आईबाबांनी आधी ठरवून घ्यायला हवं.

कागदपत्रं हे आपलं काम, आणि ते लहान नाही. सतरा वर्षांच्या मुलाला तहसील आणि प्रांत कार्यालयाची वाट ठाऊक नसते. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता यांतला एकेक कागद सेतू केंद्रात अर्ज टाकल्यापासून हातात पडेपर्यंत दिवस खातो. नॉन-क्रिमिलेअर त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत वैध लागतं. जात वैधता मुदतीत दिली नाही, तर राखीव जागेवरचा हक्क जातो. ही धावपळ अकरावीपासूनच सुरू केलेली बरी.

पैशांचं बोलणंही आपणच काढायचं, आणि मुलांना समोर बसवून. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच, झालेला हवा, आणि हॉस्टेल-मेसचा खर्च यात धरलेला नाही. "वर्षाला आपल्याला एवढे झेपतील" हे यादी करण्याआधी सांगावं. जागा लागल्यावर सांगणं हा मुलांवर अन्याय आहे.

इथून पुढे मात्र मुलांचं राज्य. कॉलेजांचा पसंतीक्रम त्यांनी लावायचा.

माझ्या भाचीने यासाठी एक वही केली होती. चॉइस कोड, कॉलेज, शाखा, फी, जायची सोय असे रकाने आणि शेवटचा रकाना नुसता 'का?' असा. कॉम्प्युटरच्या एका ओळीपुढे तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सगळे घेतात म्हणून'. ते तिनेच खोडलं आणि सिव्हिलची ओळ वर नेली. आई म्हणाली, "अगं, सिव्हिलला आता कोण विचारतं?" ती म्हणाली, "मी विचारते ना, आई. पूल उभा कसा राहतो ते शिकायचंय मला." आई क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "बरं, कुठल्या शहरात राहायची तयारी आहे तुझी?" त्या प्रश्नानंतर यादी भराभर पुढे सरकली. आईवडिलांची मदत मला अशी दिसते. उत्तर मुलांचं, त्यांना उपयोगी पडेल असा प्रश्न आपला.

हा क्रम खरा असणं नियमांच्या दृष्टीनेही गरजेचं आहे. वरचं कॉलेज मिळणार नाही या धास्तीने पुष्कळ पालक 'हमखास मिळणारं' कॉलेज पहिल्या ओळीत टाकायला लावतात. पण जागावाटप गुणवत्ता क्रमांकाने होतं. तुमच्या मुलाचा नंबर आला की त्याची यादी वरून खाली पाहिली जाते आणि त्याला मिळू शकणारी पहिली जागा दिली जाते. आवडतं कॉलेज वर लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. उलट 2025 च्या अभियांत्रिकी प्रवेशांत पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तिनांतली किंवा तिसरीत पहिल्या सहांतली, तर ती घेणं बंधनकारक होतं. नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. भीतीपोटी वर टाकलेलं कॉलेज असं कायमचं गळ्यात पडतं. हमखास मिळणारी कॉलेजं यादीत असावीतच, पण शेवटी.

तेव्हा यंदा पासवर्ड मुलांच्या हाती द्या. नियम सोबत बसून वाचा, शंका विचारा, आणि अर्ज कन्फर्म त्यांनाच करू द्या. दुसऱ्या वर्षी गणित अडेल, एखादी केटीही लागेल. "तुम्हीच घातलंत मला इथे" म्हणण्याची सोय ज्याला आपण ठेवलेली नाही, ते मूल त्या दिवशी वाट शोधायला स्वतः उठण्याचा संभव अधिक. कॉलेज कुठलंही मिळो, ही सवय त्याला जन्मभर पुरेल.