पंक्चरवाल्याची सायकल

भंगारातल्या दोन सायकली, तीन चेन जोडून केलेली एक लांब चेन आणि प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक. इस्लापुरातल्या एका पंक्चरवाल्या चाचांच्या मदतीने मी रेलून चालवायची सायकल बनवली. पाठीला टेकू, पेडल समोर. तीनदा पडलो. मग सहस्रकुंडच्या रस्त्याला लागलो, तर लोक हसले, "सर, खाट घेऊन कुठं निघालात?"

हसू द्या. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर याने शार्ल मोशेने बनवलेल्या अशाच सायकलवर तासात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापून १९१४ पासूनचा विक्रम मोडला. रेलल्यामुळे वारा कमी अडतो, एवढंच गुपित. १९३४ मध्ये जागतिक सायकल संघटनेने ती शर्यतींतून बाद केली.

आपल्याला 'पंक्चरवाले' म्हणून हिणवतात. आपणही मान खाली घालतो, मुलाच्या हातातला पाना काढून घेतो. चूक इथंच होते. चेन किती लांब हवी, ब्रेक कुठे बसेल, हे चाचांनी नुसत्या नजरेने सांगितलं. बी.एड. झालेल्या मला ते जमलं नाही. लाज त्या हुनराची नको. त्या हातांपर्यंत शाळा पोचली नाही, याची हवी.