आजीच्या पाण्याचे किती?

पैसा कष्टाने मिळतो हे आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांना कळावं म्हणून आम्ही कामांचे दर ठरवले. पलंग आवरला की १ दिरहम, ताटं मांडली की ५० फिल्स. महिनाभर झकास चाललं. मग पुण्याहून आजी आली. जेएलटीतल्या उन्हातून तळ्याकाठी चक्कर मारून आली नि पाणी मागितलं, तर हा विचारतो, "किती देणार?" आजी हसली, आम्हाला मात्र तोंड लपवायला जागा उरली नाही.

दरपत्रक त्याच रात्री फाडलं. आता घरचं काम फुकट, शनिवारी खाऊचे ५ दिरहम, आणि हिशेब त्याच्याच वहीत. (वहीत खाडाखोड फार!)

आजी परतल्यावर त्याला एक्स्चेंजच्या रांगेत नेलं. पुढे बेसमेंटमध्ये गाड्या पुसणारे काका.
"काका सगळे पैसे इथेच देऊन टाकतात?"
"घरी पाठवतात."
मग रुपये दर वेळी वेगळे का, हा प्रश्न. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ च्या दराने बांधलेला, रुपया रोज हलतो, हे समजावताना आमचीच दमछाक झाली.

परवा वहीत नवी ओळ दिसली: 'आजी – २ दिरहम'. एवढेच पाठवता येतात का, ते तो स्वतः खिडकीवर विचारणार आहे.