हाटातला वाचक

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस फार जुनी आहे. अलीकडे त्यासाठी प्रश्नावल्या निघाल्या आहेत. काही खुणा केल्या की आपण अंतर्मुख की बहिर्मुख, याचा दाखला हाती पडतो. सतराव्या शतकात आग्र्याच्या एका जैन व्यापाऱ्याने हाच उद्योग कोणत्याही प्रश्नावलीवाचून केला, आणि तोही स्वतःवर. बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र १६४१ साली पूर्ण झाले. माणसाचे आयुष्य ११० वर्षांचे धरले तर आपली ५५ सरली, म्हणून कथा अर्धी, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यांचा जन्म १५८६ साली जौनपूरला, श्रीमाळ कुळात झाला. घरी जवाहिराचा व्यापार आणि मुलाला पोथ्यांचे वेड. वडीलधाऱ्यांनी समजावले, की फार शिकणे हे ब्राह्मण-भाटांचे काम. वाण्याच्या मुलाने हाटात बसावे, नाहीतर भीक मागण्याची पाळी येते. व्यापारी घरांत हा उपदेश निराळ्या शब्दांत आजही ऐकू येतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे असेही म्हणवत नाही. कारण १६१०च्या सुमारास वडिलांनी जवाहीर, वीस मण तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन त्यांना आग्र्याला धाडले, तेव्हा व्यवहार साफ फसला. इजारीच्या नाडीत बांधलेली रत्नेसुद्धा हरवली.

हाती काही उरले नाही, तेव्हा ते रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही प्रेमाख्याने मोठ्याने वाचू लागले. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज उधारीवर कचोऱ्या घेत. एके दिवशी त्याला बाजूला घेऊन त्यांनी खरी स्थिती सांगितली, की आपल्यापाशी काही नाही, यापुढे उधार देऊ नये. त्यावर तो म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा. सहा-सात महिने हे चालले. पुढे चौदा रुपयांचा हिशेब झाला आणि तो चुकता झाला. ना तारण, ना जामीन. स्वतःची दिवाळखोरी स्वतः सांगणाऱ्या माणसाची पत त्या फेरीवाल्याने बरोबर जोखली होती.

वाचनाने त्यांचे सारेच भले केले, असे मात्र नाही. ऐन तारुण्यात शृंगाराने भरलेला एक ग्रंथ रचून त्यांनीच तो पुढे गोमतीत सोडून दिला. ‘समयसारा’वरची टीका हाती आली, तेव्हा उतावळ्या स्वभावाला अनुसरून त्यांनी अर्धाच अर्थ घेतला, क्रिया सोडल्या, मित्रांसह देवपूजेची थट्टा केली. बऱ्याच वर्षांनी पांडे रूपचंद आग्र्याला आले. त्यांच्याकडून ‘गोम्मटसारा’चे विवेचन ऐकल्यावर तोल सावरला आणि १६३६ साली ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले. एकटे वाचणे आणि जाणत्यापाशी बसून वाचणे यांतला फरक याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

मधल्या काळात घरात नऊ अपत्ये जन्मली आणि नऊही गेली. त्यानंतर हे आत्मचरित्र लिहिले गेले, हे ध्यानात ठेवूनच त्याचा शेवट वाचावा. तेथे त्यांनी माणसांचे तीन प्रकार सांगितले आहेत. दुसऱ्याचे दोष झाकून स्वतःचे उघड करणारा तो उत्तम. स्वतःचे झाकून दुसऱ्याचे चघळणारा तो अधम. आपले आणि परक्याचे गुणदोष जसेच्या तसे सांगणारा तो मध्यम. स्वतःला त्यांनी मध्यमांत बसवले. मग जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू मांडल्या: क्षमाशील आहे, संतोषी आहे, काव्य उत्तम वाचतो, पण धनाचा लोभ सुटत नाही, थोड्या नफ्याने हुरळतो, थोड्या तोट्याने खचतो, थापाही मारतो. आणि एकांत मिळाला की नाचतो.