उरकायचा विषय

फिजिऑलॉजीचा प्राध्यापक हा असा डॉक्टर आहे, की ज्याला शेजारीपाजारी सर्दीचंसुद्धा औषध विचारत नाहीत. विचारलंच तर गुडघा किती वेळ शेकायचा एवढंच विचारतात. कारण फिजिऑलॉजी वेगळी आणि फिजिओथेरपी वेगळी, हे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तीस वर्षांत पटलेलं नाही. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण शहाण्यांशी आहे. शहाणे म्हणजे आमचेच डॉक्टर बंधू. नव्या पोराच्या पाठीवर थाप मारून ते सांगतात, "फर्स्ट इयर काय रे, उरकून टाक. खरी डॉक्टरकी पुढं वॉर्डात!"

उरकून टाक! साखरपुडा उरकतात, बारसं उरकतात, हे मी समजू शकतो. पण माणसाचं शरीर चालतं कसं, हे उरकायचं? नियम करणाऱ्यांनीही हा सल्ला मनावर घेतला. पूर्वी पहिल्या टप्प्याला दीड वर्ष मिळायचं; १९९७ च्या नियमांनी त्याचं एक वर्ष केलं. शरीर होतं तेवढंच राहिलं, आणि पुस्तकं मात्र जाड होत गेली.

आमच्या वेळी निदान बेडूक होता. त्याच्या पोटरीचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू काढायचा, विजेचा हलका झटका द्यायचा, की स्नायूला बांधलेली तरफ फिरत्या ड्रमवर रेघ ओढायची. त्या ड्रमचा कागद आधी काजळीवर काळा करावा लागे. घरी गेल्यावर आई विचारायची, "मेडिकलला जातोस की कोळशाच्या वखारीत?" पुढं २०१४ साली मेडिकल कौन्सिलनं बेडकाच्या जागी कॉम्प्युटर बसवला. आता मी काही बेडकासाठी गळा काढणाऱ्यांतला नाही. दरवर्षी तीच ती रेघ ओढायला इतके जीव का घ्यावेत? पण कॉम्प्युटरमधला बेडूक हा फारच आज्ञाधारक प्राणी आहे हो! बटण दाबलं की पुस्तकातलाच आलेख काढतो. दमतो, तोसुद्धा पुस्तकात लिहिलंय तेवढाच.

आणि शिकायचं असतं ते नेमकं पुस्तकाबाहेर गेल्यावर. लंडनचे सिडनी रिंगर घ्या. हे गृहस्थ पेशंट बघणारे, म्हणजे 'खऱ्या डॉक्टरकी'वाले. उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसून बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात चालतं ठेवायची खटपट करायचे. हृदय चाललं. १८८२ साली त्यांनी तसं छापूनही टाकलं. मग लक्षात आलं, की साहाय्यकानं द्रावणासाठी डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी घातलं होतं. शुद्ध पाणी घेतलं तर हृदय थोड्याच वेळात थंड! दुसरा कोणी असता तर साहाय्यकाला झापून मोकळा झाला असता. रिंगरसाहेबांनी नळाच्या पाण्यात असं आहे तरी काय ते शोधलं आणि १८८३ मध्ये सांगितलं: कॅल्शियम. आज हॉस्पिटलात 'आरएल' नावाची सलाईनची बाटली लावतात ना, त्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर. आमच्या कॉम्प्युटरात नळाचं पाणी घालायची सोयच नाही.

प्रयोगाला प्राणीच हवा असेल, तर दीडशे प्राणी समोर बाकांवर बसलेले असतात, तेही फी भरून. मी एकदा वर्गातल्या धडधाकट आणि राजी असलेल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला लिटरभर साधं पाणी, दुसऱ्याला तेवढ्याच पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. पुढं दर अर्ध्या तासानं लघवी मोजायची. तासाभरात साध्या पाण्याची पार्टी बाथरूमबाहेर एका पायावर उभी, आणि मिठाची पार्टी निवांत गप्पा छाटत बसलेली! वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी एकदम म्हणाली, "सर, आजीच्या पायाला सूज आली की डॉक्टर मीठ बंद करतात, ते यासाठीच का?" पुस्तकात ते वाक्य होतंच, पण तिच्या आजीपर्यंत ते त्या दिवशी पोचलं. दुसऱ्या दिवशी मला वरून विचारणा झाली: सदर प्रयोग जर्नलच्या कोणत्या पानावर आहे?

उरकलेल्या विषयाचं बिल शेवटी पेशंटच भरतो. गेल्या वर्षी एका दवाखान्यात माझं ब्लडप्रेशर घेतलं गेलं, ते शर्टाच्या बाहीवरून, हात खाली लोंबकळत असताना आणि वर "काय म्हणताय काका?" अशा गप्पा चालू असताना. हात हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला, तर आकडा सात-आठनं चढतो. पेशंट बोलत असेल तर आणखी चढतो. दंड जाड आणि पट्टा लहान असला तर विचारूच नका. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्यावर जोरात येतं, हे सोसायटीतल्या पोरालाही कळतं. त्या तरुण डॉक्टरला व्हायव्हातली उत्तरं तोंडपाठ असणार. पण स्वतःचा हात वरखाली करून तो आकडा बदलताना त्यानं कधी पाहिलेला नसणार. गोळी मात्र जन्मभराची लिहायला निघाला होता!

संशोधनाचीही तीच तऱ्हा. २०१५ साली बढतीसाठी छापील शोधनिबंधांची अट घट्ट झाली आणि कॉलेजाकॉलेजांत ज्ञानाला पूर आला. परीक्षेआधी विद्यार्थ्यांची नाडी मोजायची, परीक्षेनंतर मोजायची आणि परीक्षेच्या धास्तीनं नाडी वाढते असा निष्कर्ष काढायचा. हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं. तिला कोणी बढती दिली नाही. याउलट लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी कैवल्यधाम काढलं. डॉक्टर नव्हेत, प्रोफेसर व्हायचं नव्हतं. पण नौली करताना आतड्यात पोकळी तयार होते का, असा प्रश्न पडला, तर त्यांनी दाबमापक लावून मोजून पाहिलं. लोणावळा म्हटलं की आपल्याला फक्त चिक्की आठवते, त्याला कोण काय करणार!

२०२३ साली पदव्युत्तर जागा भरेनात म्हणून प्रवेशपरीक्षेची पात्रता चक्क शून्य पर्सेंटाइलवर आणली. त्या रिकाम्या जागांत आम्हा फर्स्ट इयरवाल्यांच्या जागा भरपूर. ज्या विषयाबद्दल सीनिअर सांगतो 'उरकून टाक', तो जन्मभर शिकवायला कोण हुशार पोरगा येईल?

यावर शहाण्यांचं उत्तर तयार असतं: "पण सर, वेळ कुठाय?" वेळ आहे. मुलं गेल्या वर्षीच्या मुलांचं जर्नल समोर ठेवून आकृत्यांसकट उतरवून काढतात, आणि आम्ही पानापानांवर सह्या ठोकतो, ते आधी बंद करा. नुसत्या सह्यांतच माझ्या कित्येक दुपारी गेल्या आहेत.