नक्कल नाकारणारा वस्ताद

खेळाच्या शिक्षकाची थोरवी पदकांच्या संख्येवरून ठरवावयाची, अशी एक रीत पडून गेली आहे. त्या हिशेबाने सोव्हिएट संघाचे बर्फावरील हॉकीचे शिक्षक अनातोली तारासोव्ह ह्यांच्याविषयी वादाला जागाच उरत नाही. १९६३ पासून १९७१ पर्यंत ओळीने नऊ जागतिक अजिंक्यपदे आणि १९६४, १९६८ व १९७२ ची तीन ऑलिंपिक सुवर्णपदके, एवढे भांडवल कोणालाही पुरावे. परंतु आमच्या मते तारासोव्ह ह्यांची खरी कमाई ह्या यादीत नाही. ती आहे त्यांनी नाकारलेल्या एका गोष्टीत.

हॉकी म्हटले की ग्वाल्हेरकरांस कॅप्टन रूपसिंग आठवावयाचे, आणि ते योग्यच आहे. बर्फावरची हॉकी मात्र निराळी. तिचे माहेर कॅनडा. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, पायांत पोलादी पात्यांचे जोडे, आणि गोलरक्षकासह एका बाजूस सहा गडी. रशियात बर्फावर एक हॉकी पूर्वीपासून होती. पण ती चेंडूची, अकरा-अकरा गड्यांची आणि मोठ्या पटांगणावरची. कॅनडाच्या पद्धतीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा तेथे डिसेंबर १९४६ मध्ये सुरू झाली. तारासोव्ह तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. स्वतः खेळत होते आणि शिकवीतही होते.

अशा वेळी सोपा मार्ग एकच दिसतो. जो देश पुढे आहे त्याचे डावपेच जसेच्या तसे उचलावयाचे. तारासोव्ह ह्यांनी हाच मार्ग टाकला. त्यांचा विचार सरळ होता : नक्कल करणारा मूळ माणसाच्या फार तर बरोबरीला येईल, पुढे कधीच जाणार नाही. गायकीच्या ह्या नगरीत हे फोड करून सांगावयास नको. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून तिला अगदी नवी वाट करून दिली. गुरूचा आवाज काढणे म्हणजे गायकी येणे नव्हे.

मग तारासोव्ह ह्यांनी केले काय? कॅनडाच्या खेळात अंगाची धडक आणि एकट्या वीराचा पराक्रम ह्यांना मोठे मोल होते. तारासोव्ह ह्यांनी भर दिला तो पासावर. चकती ज्याच्याजवळ आहे त्याच्यापेक्षा, ज्याच्याजवळ ती नाही तो गडी कोठे धावतो आहे, ह्याकडे त्यांचे लक्ष अधिक. पाचही गडी एका विचाराने हलले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. बर्फ बारमाही मिळण्याची सोय सुरुवातीच्या काळात नव्हती, म्हणून त्यांनी जमिनीवरच तालीम सुरू केली : वजने उचलणे, कोलांट्या, फुटबॉल, बास्केटबॉल. अडचणीतून निघालेली ही रीत पुढे त्यांच्या पद्धतीचे अंगच बनली. १९६४ पासून मुलांसाठी ‘सोनेरी चकती’ ही देशव्यापी स्पर्धा उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

तथापि गुणगानात दोष झाकणे बरे नव्हे. तारासोव्ह ह्यांचा क्लब लष्कराचा, आणि चांगले खेळाडू लष्करी सेवेत ओढून घेण्याची सोय त्यास होती. इतर क्लबांना ती नव्हती. ते स्वभावाने करडे होते. १९६९ मध्ये नामंजूर झालेल्या एका गोलावरून त्यांनी ब्रेझनेव्हच्या देखत आपला संघ मैदानाबाहेर नेला. त्यापायी ‘सन्मान्य शिक्षक’ ही पदवी त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. ती पुढे परत मिळाली. शिवाय नऊ अजिंक्यपदांचे श्रेय त्यांचे एकट्याचे नाही. राष्ट्रीय संघ एकट्याने सांभाळत असता, १९६० च्या ऑलिंपिकमध्ये त्यांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले होते. विजयाची ती मालिका सुरू झाली, ती आर्कादी चेर्निशेव्ह हे प्रमुख आणि तारासोव्ह त्यांचे जोडीदार, अशी व्यवस्था झाल्यावर. चेर्निशेव्ह हे प्रतिस्पर्धी डायनॅमो क्लबचे शिक्षक. दोन विरोधी आखाड्यांच्या वस्तादांनी एकत्र बसून संघ घडवावा, ही गोष्ट पदकांहून कमी नाही.

आता दैवाचा खेळ पाहा. कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंशी सामना व्हावा, ही तारासोव्ह ह्यांची आयुष्याची आस. सप्टेंबर १९७२ मध्ये आठ सामन्यांची ती मालिका ठरली. पण त्याच वर्षी साप्पोरोच्या सुवर्णपदकानंतर ते आणि चेर्निशेव्ह दोघेही राष्ट्रीय संघातून दूर झाले होते. संघाची सूत्रे व्हसेवोलोद बोब्रोव्ह ह्यांच्याकडे होती. मॉंट्रियलच्या पहिल्या सामन्यात सोव्हिएट संघाने कॅनडास ७-३ असे हरविले आणि हॉकीच्या माहेरघरी एकच हलकल्लोळ झाला. मालिका अखेर कॅनडाने चार विजय, तीन पराभव आणि एक बरोबरी, अशी जेमतेम जिंकली. परीक्षेच्या दिवशी गुरूच जागेवर नव्हता. परंतु शिष्य ज्या रीतीने खेळले ती कोणाची, हे सर्वांनी ओळखले. १९७४ मध्ये खुद्द टोरांटोच्या हॉकी सन्मानदालनात तारासोव्ह ह्यांचे नाव दाखल झाले.

ह्यापुढची गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिड येथे अमेरिकेच्या होतकरू तरुणांनी बलाढ्य सोव्हिएट संघास ४-३ असे नमविले. त्यांचे शिक्षक हर्ब ब्रुक्स ह्यांनी युरोपातील पासांचा खेळ आणि कॅनडाची धडाडी ह्यांची जाणूनबुजून सांगड घातली होती. म्हणजे सोव्हिएट संघ हरला त्या दिवशीही, जिंकणाऱ्याच्या खेळात तारासोव्ह ह्यांच्या विचाराचा अंश होताच.

तारासोव्ह १९९५ मध्ये निवर्तले; ज्या राष्ट्राचा संघ त्यांनी घडविला ते त्यापूर्वीच, १९९१ मध्ये, लयास गेले होते. आपल्याकडे खेळ असो, नाटक असो वा चित्रकला, परदेशातून तयार नमुना आणून तोच गिरविण्यास आपण प्रगती म्हणतो. दुसऱ्याचे पाहू नये, असे कोण म्हणेल? जरूर पाहावे, पण घरी येऊन आपल्या हवेत, आपल्या साधनांनी, आपली तालीम मांडावी. असे करणाऱ्यास सुरुवातीस अपयशही येईल. त्या काळात त्यास सांभाळून घेणे, हे मात्र आपल्या हाती आहे.