पाच तारा, पडदे नाहीत आणि हाडही नाही



"मुलीच्या हातात बेस गिटार? आपल्यात हे शोभतं का?" असं गेल्या दोन महिन्यांत मंडळातल्या निदान चौघींनी मला विचारलं. एकीने तर हळूच कानाशी येऊन विचारलं, जणू काही नातीचं लग्न मोडलंय. तेव्हा उत्तर सगळ्यांना एकदाच देते. शोभतं. नुसतं शोभतं एवढंच नाही, आपल्या सातव्या व्रताची कसोटी लावली तर आपण मिरवणुकीत ज्या वाद्यांपुढे टाळ्या वाजवतो त्यांतल्या बऱ्याच वाद्यांपेक्षा ही गिटार त्या कसोटीला जास्त उतरते.

महावीर जन्मकल्याणकाची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. पुढे नाशिक ढोल. भक्तिसंध्येत ढोलकी, तबला, पेटी. ढोलकीच्या आणि तबल्याच्या पुडीला बकऱ्याचं कातडं असतं. पेटीच्या भात्यालाही पुष्कळदा पातळ चामडं लावलेलं असतं. ढोलाला आता फायबरचं पान मिळतं, काही पथकं ते वापरतातही, पण वाजवायला बोलावताना आपल्यापैकी कोणी विचारलंय का, "पान कशाचं आहे?" मी तरी कोणाला विचारताना ऐकलं नाही. भाजीत कांदा-लसूण आहे का हे आपण लग्नाच्या पंगतीत तीन वेळा विचारतो. त्या कारागिरांना किंवा वादकांना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही, त्यांची ती कला आहे. मुद्दा एवढाच की "आपलं" वाद्य आणि "परकं" वाद्य हे आपण सवयीने ठरवतो, व्रताने नाही.

प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादानं आपण दर वेळी म्हणतो. त्यांत दंतवाणिज्य आहे, लाक्षावाणिज्य आहे. दंत म्हणजे फक्त हत्तीचे दात नव्हेत. हाड, शिंग, कातडं, शिंपले हे सगळं त्यात येतं. लाक्षा म्हणजे लाख, किड्यांपासून मिळणारी. कर्मादानं व्यापाराबद्दल आहेत हे मला माहीत आहे, आपण काही दुकान घालणार नाही. पण घेणारं गिऱ्हाईक नसेल तर विकणारा कोणासाठी आणेल? करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्ही धरूनच आपला हिशेब होतो. म्हणून नातीने फ्रेटलेस पाच तारांची बेस गिटार हवी म्हटल्यावर मी पहिला प्रश्न किमतीचा विचारला नाही. ती कशाकशाची बनते हे विचारलं.

ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साध्या बेस गिटारला चार जाड तारा असतात, साध्या गिटारीपेक्षा खालच्या सप्तकातल्या. गाण्यात ती वेगळी लक्षात येत नाही, पण थांबली की गाणं पोकळ वाटायला लागतं. पाचवी तार त्याहून खालची. चौथ्या तारेची कंपनं सेकंदाला साधारण ४१, पाचवीची ३१. फ्रेट म्हणजे सतारीला असतात तसे पडदे. लिओ फेंडर या अमेरिकन माणसाने १९५१ साली पडदे असलेली बेस गिटार बाजारात आणली आणि तिचं नावच 'प्रिसिजन' ठेवलं, कारण बोट थोडं मागेपुढे पडलं तरी पडदा स्वर अचूक देतो. पुढे काहींनी तेच पडदे उपटून काढले. जॅको पास्टोरियस हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव. पडदे गेले की स्वर तुमच्या बोटावर आणि कानावर. मींड घेता येते, स्तवनातला स्वर जसा घसरत, वळत जातो तशी. शिवाय तार लाकडालाच घासते, त्यामुळे आवाज एकदम न येता उमलत जातो. मला तो ऐकून तंबोऱ्याची जवारीच आठवली.

तंबोऱ्याचं नाव निघालंच आहे तर मिरजेबद्दल बोलायलाच हवं, कारण चौघींपैकी दोघींनी सुचवलं होतं, "त्यापेक्षा तंबोरा घेऊन दे, संस्कार तरी होतील." तंबोऱ्यालाही पडदे नसतात, आणि पाच तारांचे तंबोरेही असतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते योग्यच झालं. पंढरपूरकडचा भोपळा, तूणीचं लाकूड, पिढ्यानपिढ्यांचे हात. आपल्या नाशिकशी तर मिरजेचं जुनं नातं आहे: विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, पुढे पंचवटीत राहिले, आणि त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ साली नाशिकलाच जन्मले. पण तंबोऱ्याची घोडी, जिच्यावर जवारी काढतात, ती परंपरेने सांबरशिंगाची किंवा उंटाच्या हाडाची. जुन्या वाद्यांवर हस्तिदंताचं कामही असायचं, त्याचा व्यापार आता कायद्यानेच बंद आहे. हल्ली काळ्या लाकडाची किंवा फायबरची घोडीही करतात. तेव्हा तंबोरा घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण घोडी कशाची हवी ते आगाऊ रक्कम देण्याआधी सांगा. संस्कार आपोआप वाद्याबरोबर येत नाहीत. आणि तंबोरा सूर धरून ठेवायला असतो, आमच्या मुलीला वाजवायचंय. एकाची भूक दुसऱ्याच्या ताटाने भागत नाही.

आता बेस गिटारीत शोधलं तर काय सापडतं? तारा पोलादाच्या आणि निकेलच्या. पूर्वी व्हायोलिनच्या, मोठ्या डबल बेसच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असत, तो प्रकार इथे नाही. व्हायोलिन जातीची वाद्यं अजूनही सरसाने जोडतात, आणि सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा अर्क. कारखान्यातल्या बेस गिटारीची दांडी बहुधा स्क्रूने बसवलेली, बाकी जोड कृत्रिम गोंदाचे. पॉलिश चपड्या लाखेचं नव्हे, रासायनिक. राहता राहिली एक जागा. दांडीच्या वरच्या टोकाला तारा ज्या छोट्या पट्टीवरून जातात तिला नट म्हणतात. महागड्या गिटारीत तो हाडाचा असतो, स्वस्तात प्लास्टिकचा. खुणेच्या टिकल्या महागात शिंपल्याच्या, स्वस्तात प्लास्टिकच्या. पट्टा महागात चामड्याचा, स्वस्तात नायलॉनचा. वाचून हसू येईल, पण आपलं कमी बजेटच इथे अहिंसेच्या बाजूने उभं राहतं. एका दुकानदाराने तर आम्हाला "फक्त थोडे जास्त द्या, बोन नट टाकून देतो" असं फार प्रेमाने सांगितलं. नातीने विचारलं, "बोन म्हणजे खरं हाड?" तो म्हणाला, "एकदम ओरिजिनल!" आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

बजेट तीस हजार, त्यात एक रुपया वाढणार नाही असं आधीच ठरलं होतं. परिग्रह वस्तूपेक्षा आसक्तीत असतो असं आपण व्याख्यानात ऐकतो, पण मी कॉमर्सची. आकडा ठरवल्याशिवाय आसक्ती मोजता येत नाही असं माझं मत. आणि हा आकडा फक्त गिटारीचा नव्हे, इथेच लोक फसतात. सगळे पैसे गिटारीवर घालवले आणि ऐकायला काही उरलं नाही तर उपयोग काय? छोट्या घरगुती अँपमधून ती पाचवी तार धड ऐकूच येत नाही, नुसती घरघर. म्हणून कानाला लावायचे बऱ्यापैकी हेडफोन आणि त्याचं छोटं यंत्र यासाठी चार हजार आधीच बाजूला काढले. शेजारीही सुखी. तारांचा संच, पट्टा, पिशवी, कारागिराची मजुरी यासाठी सहा. उरले वीस.

वीसमध्ये नवीन, पाच तारांची आणि फ्रेटलेस, तिन्ही एकत्र आम्हाला मिळालं नाही. कमी किमतीत ज्या फ्रेटलेस मिळतात त्या बहुतेक चार तारांच्या. मग रस्ते दोन. एक, चार तारांचीच फ्रेटलेस घेऊन वरची बारीक तार सोडून द्यायची आणि खाली जाड तार चढवायची. नटाच्या खाचा थोड्या रुंद कराव्या लागतात, पण खालचा स्वर मिळतो. बजेट याहूनही कमी असेल तर मी हेच सुचवेन. दुसरा, आयबानेझ, कॉर्ट, यामाहा अशांपैकी कोणाची तरी पाच तारांची, पडदे असलेली, वापरलेली गिटार घ्यायची आणि कारागिराकडून पडदे काढून घ्यायचे. तो खाचांत लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवतो, घासून सपाट करतो, नट खाली उतरवतो. पट्ट्या वेगळ्या रंगाच्या घेतल्या तर पडद्यांच्या जागी रेघा दिसतात. काही जण रेघांना कमीपणा मानतात. शिकणाऱ्याने का मानावा? आपणही नवकार म्हणताना माळेचे मणी मोजतोच ना.

आम्ही दुसरा रस्ता धरला. वापरलेल्या वस्तूत घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो, हा तर बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा धडा. एक लक्षात ठेवा मात्र: पडदे काढलेली गिटार परत विकायला गेलात तर गिऱ्हाईक थोडी. म्हणून मुलीने निदान वर्षभर पडद्याची वाजवलेली असावी, हौस टिकते का ते कळतं. आमचीने मैत्रिणीची दीड वर्ष वाजवली होती. उलट याच कारणाने कोणाची फ्रेटलेस विकायला निघाली असेल तर ती स्वस्तात पदरात पडते, तीही बघत राहा.

घेताना तिने काय तपासलं ते सांगते, मी शेजारी वही घेऊन बसले होते. दांडी डोळ्याच्या रेषेत धरून वाकडी आहे का ते पाहिलं. दांडीच्या आतली सळई फिरते का ते पाहिलं. बटणं फिरवताना खरखर येते का ते ऐकलं. पाचवी तार एकटी वाजवून स्वर स्पष्ट येतो का, की ढिल्या दोरीसारखा भोंगळ, हे तिने पाच-सहा गिटारींवर केलं आणि दोन नाकारल्या. तारेची लांबी चौतीस इंच. काही पाच तारांच्या पस्तीस इंची असतात, त्यात जाड तार जास्त ताणलेली राहते. फिंगरबोर्डचं लाकूड कठीण हवं, कारण पडदे नसले की तारा थेट लाकूड खातात. आणि गळ्यात अडकवून पंधरा मिनिटं उभं राहायचं. चार किलोच्या आसपासचं ओझं असतं, मान काय म्हणते ते दुकानात बसून कळत नाही.

"मुलींचं वाद्य आहे का हे?" हा प्रश्नही आला. मुंबईत वाढलेली मोहिनी डे हेच वाद्य वाजवते, ए. आर. रहमान आणि झाकिर हुसेन यांच्याबरोबर तिने वाजवलंय. मला विचाराल तर मुलगी रात्री खोलीचं दार लावून मोबाईल बघत बसते त्यापेक्षा हेडफोन लावून एकेक स्वर शोधत बसते हे मला शंभर पटीने बरं वाटतं. पडदे नसल्याने तिला स्वतःचंच वाजवणं सारखं ऐकावं लागतं. सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटं मन एका जागी ठेवायला मला चाळीस वर्षं जड जातंय, ती दीड तास बसते.

पर्युषणानंतरच्या आमच्या स्तवनाच्या कार्यक्रमात ती वाजवणार आहे. तबलावाले नेहमीचेच येतील. ढोलाच्या पथकाला मात्र मी या वेळी फोन करून पानाबद्दल विचारलं. त्यांच्याकडे फायबरचे आठ ढोल आहेत, आम्हाला सहाच लागतात.

राहिल्या तारा. नेहमीच्या तारांवर खरबरीत वेढे असतात, ते लाकूड लवकर झिजवतात. सपाट वेढ्यांच्या तारा मऊ आणि टिकाऊ, पण पाच तारांचा तो संच आमच्या सहा हजारांत मजुरी धरून बसला नाही. सध्या जुन्याच चढवल्या आहेत. दिवाळीत तिला मामाकडून ओवाळणी येते, तेव्हा बघू.