हात वाईट नसतो, घाई वाईट असते

"माझ्या हाताला झाड लागतच नाही" हे वाक्य आपण आता कायमचं बंद करूया. हाताचा इथे काडीचाही संबंध नाही. संबंध आहे उजेडाचा.

बघा, काय होतं ते. शनिवारी नर्सरीत जायचं. तिथे मिरची, टोमॅटो, तुळस हिरव्या शेडनेटखाली मस्त डोलत असतात. घरी आणून, "भरपूर ऊन लागतं" म्हणून थेट गच्चीवर. तेही एप्रिलात! मंगळवारी बघावं तर पानांवर पांढुरके, कागदासारखे चट्टे. मग कुणी म्हणतं बुरशी, फवारा मारा. कुणी म्हणतं पाणी कमी पडलं, ओता. आणि तुळस असेल तर विचारूच नका! घरावर संकट येणार म्हणे, आणि बोलणी कुणाला? नव्या सुनेला.

अहो, संकट कसलं, साधा गुणाकार आहे. ७५ टक्क्यांच्या नेटखाली जेमतेम पाव हिस्सा ऊन पोचतं. म्हणजे गच्चीवर एका दिवसात चौपट! खोलीत वाढवलेल्या रोपाचे हाल तर आणखी वाईट. ऑफिसातला लख्ख वाटणारा उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स, आणि निरभ्र दुपारचं ऊन १,००,००० च्या आसपास. आपला डोळा जुळवून घेतो म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही, इतकंच.

सावलीत तयार झालेलं पान पातळ असतं. झेपेल त्याहून जास्त प्रकाश आला की त्याची अन्न बनवण्याची यंत्रणाच मोडायला लागते. दुरुस्ती चालूच असते, पण मोडतोड जास्त झाली की हरितद्रव्य जातं आणि तो भाग पुन्हा हिरवा होत नाही. हळूहळू ऊन वाढवलं तर मात्र पान जादा प्रकाश उष्णतेच्या रूपात टाकून द्यायची ताकद वाढवतं, आणि नवी पानं जाड येतात. त्याला हवा असतो फक्त वेळ.

शेतकऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे. जळगावकडची टिश्यू कल्चर केळी प्रयोगशाळेतून थेट शेतात जात नाहीत. आधी हरितगृह, मग शेडनेट, असे कित्येक आठवडे 'हार्डनिंग' चालतं. आणि आपण? दोन दिवससुद्धा द्यायला तयार नाही.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा युक्तिवाद तर आयटीवाल्यांनी करूच नये. नवं व्हर्जन आपण एका फटक्यात सगळ्या युजर्सना देतो का? आधी पाच टक्के, मग वीस. इथेही तेच. पहिले दोन दिवस सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग रोज तासभर जास्त, आणि दुपारचं ऊन सगळ्यात शेवटी. आठ-दहा दिवसांत काम फत्ते. सकाळी आठची बस पकडायची असेल तर कुंडीवर पातळ पांढरी ओढणी चिमट्यांनी ताणून जा. पान फिकट दिसलं तर दोन दिवस मागे या. खत, फवारा काही नको.

नर्सरीवाल्यांनाही माझं सांगणं आहे. रोपाच्या किमतीची चिठ्ठी लावता ना? त्याच चिठ्ठीवर 'आठ दिवस सावकाश उन्हात न्या' एवढं लिहायला शाई किती लागते? की मेलेल्या रोपाचं गिऱ्हाईक परत येतं, तेच बरं वाटतं?

असो. निदान घरातल्या सुनेला तरी बोल लावू नका.